हाताच्या मापाची करवत

६ मार्च

दादा,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच करणार होते, पण मागच्या खेपेला मी पाऊण तास घसा फोडला आणि शेवटी तू शांतपणे म्हणालास, "थांब, वहिनीला देतो." सगळी हयात करवतींच्या आवाजात काढलीस, आता बहिणीचा आवाज कुठला ऐकू यायला. तेव्हा पत्रच बरं.

कामाचं आधी लिहिते. आमच्या साखळीच्या करवतीचं इंजिन बसलं. दोरी ओढली की नुसती हातात येते, आत काही हलत नाही. नवं मशीन घ्यावं लागणार. कुठलं घेऊ? किती इंची?

आमच्याकडे लाकडाशिवाय दुसरी ऊब नाही हे तुला माहीतच आहे. पूल खचल्यापासून त्यावरून लहान गाड्याच सोडतात, त्यामुळे जळण आणून देणारा ट्रकवाला आता वर येत नाही. म्हणजे यंदा जे काही जळेल ते घरामागच्या आमच्याच झाडीतलं. तेही मे संपायच्या आत कापून, फोडून, रचून व्हायला हवं, नाहीतर हिवाळ्यापर्यंत वाळणार नाही. आठ थप्प्या लागतात. थप्पी म्हणजे माझ्या खांद्याइतकी उंच आणि चार पावलं लांब. आठ झाल्या तर आम्ही दोघं पुढचा हिवाळा या घरात काढू. नाही झाल्या तर घर सोडावं लागेल. एवढं साधं आहे ते.

हे बरे आहेत. थंडीत बसून बसून जरा जड झालेत इतकंच. तुला विचार म्हणून त्यांनीच सांगितलं.

वहिनीला माझा नमस्कार.

तुझी
ठमी


१४ मार्च

ठमे,

अक्षर बघून गोंधळशील. माझ्या चष्म्याची काडी मोडली आहे, म्हणून मी सांगतोय आणि तुझी वहिनी लिहितेय. ती मधेच आपल्या पदरचं घालेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. (मी काही घालत नाही. – वहिनी)

जुनं मशीन गेलं ते एका अर्थी सुटलं. पैलवानाने त्याला तेल कमी आणि शिव्या जास्त पाजल्या. माझा मेहुणा असला म्हणून काय झालं, खरं ते खरं.

आता तुझा प्रश्न. दुकानात येणारा प्रत्येक जण आल्या आल्या साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीची लांबी सांगतो. जेवढी लांब पट्टी तेवढा मोठा बाप्या, अशी समजूत. मागे एक शाळामास्तर आले होते. दारापुढचं कुंपण छाटायला चोवीस इंची मागत होते. म्हटलं, मास्तर, कुंपण छाटायचंय की शेजारी? बारा इंची देऊन वाटेला लावलं. अजून रस्त्यात भेटले की आपणहून नमस्कार करतात.

ढोबळ नियम असा की झाडाच्या जाडीपेक्षा पट्टी दोन इंच जास्त असावी. फांद्या आणि बारीक जळण यांना बारा-चौदा इंच पुरतात. रोजच्या फूटभर जाडीच्या ओंडक्यांना सोळा. जाडजूड झाडं उभी पाडायची असतील तर अठरा किंवा वीस, आणि त्याला इंजिनही साठ सीसीचं हवं. लांब पट्टीला लहान इंजिन लावणं म्हणजे बैलाच्या जागी बकरी जुंपणं. पण मोठं मशीन तेल-पेट्रोल भरून साडेसात किलो होतं. चौदा इंची साडेचारात बसतं.

हे सगळं नंतरचं. मी आधी झाड मोजत नाही, हात मोजतो. हात थकला की पट्टीचं टोक खाली जातं, टोक कुठे टेकलं की मशीन उसळून तोंडावर येतं. अशी तोंडं मी पाहिली आहेत. म्हणून दुकानात मी प्रत्येकाच्या हातात अर्धी भरलेली बादली देतो. हात सरळ समोर धरायचा आणि मोठ्याने आकडे मोजायचे. वीसच्या आत बादली खाली आली तर चौदा इंचांच्या वर देत नाही, मग तो कितीही भांडू दे. तीस ओलांडले तरच वीस इंची. तीस वर्षं हे असंच चाललंय आणि माझ्या दुकानातून मशीन नेलेल्या एकाचंही बोट गेलेलं नाही.

तेव्हा पैलवानाला बादली धरायला लाव आणि आकडा कळव. झाडं किती, जाडी किती, तेही लिही. मग मी सांगतो.

दादा


२२ मार्च

दादा,

चष्मा नीट करून घे. वहिनीचं अक्षर तुझ्यापेक्षा शंभर पटीने चांगलं आहे, पण तिच्या हातून तुझ्या शिव्या फार सभ्य होऊन येतात.

झाडं सुतळीने मोजली. पांढऱ्या सालीची तीसेक आहेत, जाडीला दहा ते बारा इंच. त्यातली निम्मी उभ्या उभ्या सुकलेली आहेत. पलीकडच्या उतारावर सात-आठ काळी, गाठाळ झाडं आहेत, ती सोळा-सतरा इंच भरतात. ती पडली तर थप्प्या भराभर होतील.

बादलीचं केलं. ह्यांनी अंगणात उभं राहून धरली. मी समोर बसून आकडे मोजत होते. चाळीसला मीच म्हटलं पुरे, उगाच खांदा धरेल. नेहमीसारखे मिशीत हसले आणि ते पाणी माझ्याच पायावर ओतलं.

मग गंमत म्हणून मीही धरून बघितली. अकरा.

लवकर कळव. दिवस भराभर जाताहेत.

ठमी


२ एप्रिल

ठमे,

चाळीस. माणूस आहे की खांब? सत्तरी जवळ आली तरी पैलवान तो पैलवानच.

सतरा इंची झाडं आणि चाळीसचा हात, म्हणजे विचार करायला जागाच नाही. वीस इंची, साठ सीसी. नवं घेऊ नका. माझ्याकडे एक बदलून आलेलं आहे, इंजिन ठणठणीत. साखळी धार लावून घातली आहे. टपालाच्या जीपवाल्याशी बोललोय, तो पुलापलीकडे आणून सोडेल. वर एक जास्तीची साखळी आणि गोल कानस आहे. दर दोन टाक्या पेट्रोलला एकदा धार लाव म्हणावं. दगड लागला तर लगेच.

दुकानात एक चौदा इंची पण होतं, अगदी नव्यासारखं. क्षणभर वाटलं, तेही सोबत टाकावं. मग वाटलं, ते बघून पैलवान म्हणेल मेहुण्याने खेळणं पाठवलं. काल एक माळी आला, त्याला देऊन टाकलं.

आणि अकरावाल्या बाईंनी मशीनला हात लावायचा नाही. चहा करून द्यायचा आणि लांब उभं राहून बघायचं.

दादा


१० मे

ठमे,

महिना होऊन गेला. मशीन पोचलं ते जीपवाल्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही. किती थप्प्या झाल्या? साखळी सैल पडते का? ब्रेक एकदा हाताने पुढे ढकलून बघायला सांग, चट असा आवाज यायला हवा.

एवढी गप्प बसणारी तू नव्हेस.

दादा


१९ मे

दादा,

रागावू नकोस. कामात होते. मशीन छान आहे.

काम जरा हळू चाललंय. तीन-चार गोष्टी विचारायच्या होत्या. दोरी ओढताना फार झटका बसतो, त्यावर काही उपाय आहे का? जमिनीवर ठेवून सुरू केलं तर चालतं का? आणि याच मशीनला लहान पट्टी बसते का? चौदा नाहीतर सोळा. म्हणजे वजन थोडं कमी होईल. कापता कापता मधे मधे बंद पडतं, तर ते पेट्रोलमुळे की दाबल्यामुळे?

हे म्हणतात, असंच विचारून ठेव.

ठमी


२७ मे

ठमे,

उत्तरं आधी देतो. इंजिनाच्या डोक्यावर एक लहान बटण आहे, ते दाबून मग दोरी ओढायची, झटका निम्मा होतो. जमिनीवर ठेवूनच सुरू करावं, मागच्या मुठीत पाय घालून. सोळाची पट्टी बसते, पण वजन पावशेरानेही कमी होत नाही. वजन पट्टीत नसतं, इंजिनात असतं. बंद पडतं ते दाबल्यामुळे. कापायचं काम साखळीचं आहे, माणसाने दाबायचं नसतं. जो थकलेला असतो तो दाबतो.

आता माझा प्रश्न. पैलवान वीस वर्षं मशीन चालवतोय. दोरी कशी ओढायची हे तो मला विचारेल? तो मेला तरी विचारणार नाही. हे प्रश्न पहिल्यांदा मशीन धरणाऱ्या माणसाचे आहेत.

मला त्याच्या हातची एक ओळ लिहून पाठव. शिवी असली तरी चालेल.

दादा


९ जून

दादा,

ह्यांच्या हातची ओळ नाही पाठवता येत. नोव्हेंबरात झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एक "हं" तेवढा उरलाय, तो कधी हो असतो कधी नाही. मी त्यांना उठवते, बसवते, भरवते. खिडकीशी खुर्ची ठेवली आहे, दिवसभर तिथे असतात. अंगावर काही उरलेलं नाही, मला एकटीला उचलता येतात यावरून ओळख.

तुला सांगितलं नाही कारण तू लगेच म्हणाला असतास, खाली माझ्याकडे या. तू म्हणालास की मला नाही म्हणता येत नाही, लहानपणापासून. तुझं घर दुकानाच्या वर, अठ्ठावीस पायऱ्या. ते कसे चढणार? मग चार दिवसांनी सगळ्यांनी मिळून ठरवलं असतं की त्यांना शुश्रूषागृहात ठेवू आणि ठमी आपल्याकडे राहील. सगळ्यांच्या भल्यासाठी. मला ते नको होतं. बेचाळीस वर्षं एका घरात राहिलो, पुढची जी काही असतील ती पण राहू, एवढंच मनात होतं. त्यासाठी आठ थप्प्या हव्या होत्या, म्हणून तुला विचारलं.

बादलीचा आकडा मी बनवला नाही रे. पाच वर्षांपूर्वी तुझ्या दुकानात तूच त्यांना धरायला लावली होतीस, तेव्हा चाळीस झाले होते आणि पाणी माझ्या पायावर ओतलं होतं. तेच लिहिलं. अकरा मात्र त्या दिवशीचे आहेत. तू अकरा वाचून ओळखशील असं कुठेतरी वाटत होतं. ओळखलं असतंस तर खोटं माझ्याच्याने पुढे रेटलं नसतं.

मशीन ढकलगाडीत घालून नेते. एक काप घेतला की खाली ठेवते, दहा आकडे मोजते, परत उचलते. दोन महिन्यांत नऊ झाडं पाडली, सगळी पांढरी आणि त्यातली पाचच सुकलेली. काळ्या झाडांच्या वाटेला गेलेच नाही. उजवं मनगट सुजलंय, जेवताना घास डाव्या हाताने घ्यावा लागतो. दोन थप्प्या झाल्यात.

एक सांगते. ह्यांना खिडकीतून मशीनचा आवाज येतो. मी दाबायला लागले की आवाज बदलत असणार, कारण ते डाव्या हाताने काचेवर थाप मारतात. एक थाप म्हणजे थांब. मी थांबते, धार लावते, मग परत सुरू करते. इतकं नीट त्यांनी बोलता येत होतं तेव्हाही कधी शिकवलं नव्हतं.

तू चिडलास तर चीड. पण ये. एकदा येऊन दोन दिवस मशीन धर. तू असलास तर ती काळी झाडं पडतील.

ठमी


१७ जून

ठमे,

काल तुझं पत्र वाचलं. मी दुकान बंद करून बसलो. तुझ्यावर चिडावं म्हणून पुष्कळ प्रयत्न केला.

तीस वर्षं मिरवत होतो, हात बघितल्याशिवाय मशीन देत नाही म्हणून. आणि सख्ख्या बहिणीचा हात कागदावर वाचला आणि हसून सोडून दिला. अकरा लिहिलेलं होतं, ठमे. माझ्या डोळ्यासमोर होतं. चौदा इंची दुकानात फळीवर होतं. माळी एक दिवस उशिरा आला असता तर, असं म्हणण्यातही अर्थ नाही, कारण ते तुला द्यायचं माझ्या डोक्यातच आलं नसतं.

आणि मला येता येत नाही. चष्मा कधीच मोडला नव्हता. माझी बोटं गेली आहेत. मशीनच्या थरथरीने जातात, आधी थंडीत पांढरी पडायची, आता बाराही महिने मेल्यासारखी आहेत. पेन धरता येत नाही, शर्टाची बटणं वहिनी लावते. दोन वर्षं मी दुकानात नुसता बसून असतो, कामं कारागीर करतो आणि गिऱ्हाइकांना वाटतं मालक मोठा झाला. तुझं पत्र वाचल्यावर बादली धरून पाहिली. चारला पडली, आणि पडली ते मला पाय भिजल्यावर कळलं. मी आलो तर तुझ्या घरात दोन माणसं खिडकीशी बसतील. कारागिराला पाठवावं तर त्याने जन्मात झाड पाडलेलं नाही. (हे लिहून घेताना मी दोनदा उठून गेले. – वहिनी)

माळ्याच्या घरी जाऊन चौदा इंची परत मागून आणलं. तो भला माणूस आहे. सोमवारच्या जीपने पाठवतोय.

पण एक आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर परत खोटं होईल. आता जून अर्धा संपला. आता कापलेलं ओलं लाकूड यंदाच्या हिवाळ्याला वाळणार नाही. फोडून ठेवलंस तरी नाही. उभी सुकलेली जेवढी असतील ती आधी काढ, तीच खरी. बाकी कापशील ते पुढच्या वर्षीचं.

दादा


२८ ऑगस्ट

दादा,

लहान मशीन म्हणजे सोनं आहे. भाजी चिरल्यासारखं चालतं. सुकलेली सगळी झाडं तीन आठवड्यांत संपवली. नुसत्या सुक्या चार थप्प्या झाल्या.

मग थांबवेना, म्हणून ओलीही पाडली. त्यांच्याही चार रचल्या. एकूण आठ. खिडकीतून दिसतील अशा रचल्यात आणि ह्यांच्यासमोर बोटं उभी करून आठ दाखवली. त्यांनी फक्त उजवीकडच्या चार सुक्या थप्प्यांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. सुकं कोणतं आणि ओलं कोणतं ते त्यांना सालीवरून कळतं, माझी लबाडी चालत नाही.

चार थप्प्या म्हणजे नोव्हेंबर, डिसेंबर आणि ताणून ताणून अर्धा जानेवारी. पुढे दोन महिने उरतात. स्वयंपाकघराची एकच शेगडी पेटवली आणि त्यांचा पलंग तिथे हलवला तर थोडं वाचेल. हिवाळा सौम्य गेला तर निभेल. तसं होत नाही हे मलाही माहीत आहे, पण लिहिताना बरं वाटतं.

तू बोटांचं लपवलंस म्हणून मी रागवायला हवं होतं. कोणत्या तोंडाने रागवू?

ठमी


२९ जानेवारी

दादा,

ह्यांना नेलं. सोमवारी.

सुकं लाकूड नऊ तारखेला संपलं. हिवाळा सौम्य नव्हता. मग ओलं घालायला लागले. ते जळत नाही, नुसतं फसफसतं आणि त्यातून पाणी गळतं. धूर घरभर. खिडकी उघडली की होती नव्हती ती ऊब जाते, नाही उघडली तर ह्यांना श्वास घेता येत नाही. खोकला सुरू झाला तो छातीत उतरला. मी कपाटाची दारं जाळली, खुर्च्या जाळल्या, ढकलगाडीचं लाकूड जाळलं. एक खुर्ची ठेवली, खिडकीजवळची.

आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आल्या तेव्हा खोलीत नऊ अंश होते. त्या चांगल्या आहेत, आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाल्या, इथे ते आठवडा काढणार नाहीत, आणि मग तुम्ही स्वतःला काय सांगाल? मी सही केली.

शुश्रूषागृह खालच्या गावात आहे. खोल्या गरम आहेत, इतक्या की ह्यांनी डाव्या हाताने पांघरूण काढून टाकलं होतं. एका खोलीत चार जण. घरच्यांना रात्री राहू देत नाहीत. रोज दुपारी जाते आणि पाचला निघते, कारण पुलापर्यंत येणारी शेवटची बस सव्वापाचची. काल अंगण ओलांडून फाटकापाशी आले आणि मागून काचेवर थाप ऐकली. एकच. मला कळली. बस दिसत होती, म्हणून मी थांबले नाही.

घरी आल्यावर शेगडी पेटवली नाही. एकटीसाठी कशाला.

ठमी


२० मार्च

ठमे,

पैलवानाला पोचवून परतल्यापासून तुला रोज पत्र सांगायला बसतो आणि रोज वहिनी कोरा कागद घडी करून ठेवते. त्या दिवशी मला तुझ्याजवळ उभं राहायचं होतं आणि मी उभा राहिलो, पण खांदा द्यायची वेळ आली तेव्हा लोकांनी मला हाताला धरून बाजूला केलं. त्यांचं बरोबरच होतं.

तो दीड महिना त्याने तिथे कसा काढला ते तू सांगितलं नाहीस, मी विचारत नाही.

खाली ये. मागची खोली रिकामी केली आहे. पायऱ्या आहेत, पण तुला चढता येतात. वहिनी म्हणते, दोघींनी मिळून मला दोन वेळा जेवायला घालायचं एवढंच काम उरलंय, ते एकटीला होत नाही. खोटं बोलतेय, तिला सगळं होतं. तरी ये.

मला तुझ्याकडे माफी मागायची होती. कशी मागतात ते माहीत नाही, दुकानात कधी वेळ आली नाही.

दादा


१२ मे

दादा,

उशीर झाला. माफीचं काही नाही. तू विचारलंस आणि मी खोटं सांगितलं. त्यात तुझा दोष शोधायला गेले तर माझाच हाताला लागतो.

इथे ऊन पडायला लागलंय. परवा मागे गेले होते. उरलेल्या ओल्या लाकडाची थप्पी वरून करडी पडली आहे, टोकांना भेगा गेल्यात. दोन ढलप्या एकमेकींवर मारून बघितल्या. खणकन वाजल्या. उन्हाळ्यात आणखी सुकतील, पण आत्ताच जळण्याजोग्या आहेत.

मोजलं. जानेवारीत जाळलं ते वजा जाता साडेतीन थप्प्या आहेत. मागच्या हिवाळ्यात बरोबर तेवढ्याच कमी पडल्या होत्या.

तुझ्याकडे येईन असं वाटलं होतं. वहिनीला सांग, राग धरू नकोस म्हणावं. पण एका शेगडीपुरतं आणि एका माणसापुरतं हे जळण दोन हिवाळे जाईल, मी हिशोब केलाय. दोघांनी म्हणून कापलेलं आहे, ते टाकून कुठे येऊ? तेवढे दोन हिवाळे मी इथेच काढते.

झाडं आता पाडणार नाही, पुढचं जळण लागायचं नाही. दोन्ही मशिनं पुसून, पेट्रोल काढून, सोमवारच्या जीपने परत पाठवतेय.

ठमी